जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजवर बटणांचा टोन फोन कसा चालवायचा

बटणांचा फोन जुन्या स्ट्रोजर संचाला, म्हणजे फिरत्या स्विचांनी पायरीपायरीने नंबर जोडणाऱ्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजला, जोडून पाहा. रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो, बटण दाबलं की कानात सूर वाजतो, पण डायल टोन थांबत नाही आणि रॅकमधला एकही सिलेक्टर (नंबराची वाट जोडणारा स्विच) जागचा हलत नाही. फोन बिघडलेला नसतो, संचही नसतो. फोन आकडा आवाजातून सांगतोय आणि संच मात्र तारेतल्या प्रवाहात पडणारे खंड मोजायला बसला आहे.

स्ट्रोजरचं पेटंट १८९१ चं. टोन डायलिंग ग्राहकांच्या हाती आलं ते १८ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत. तोवर जगभर बसलेली स्ट्रोजर यंत्रं नव्या सुरांसाठी एका दिवसात मोडीत काढणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघांच्या मध्ये बसणारे कन्व्हर्टर तयार झाले: एका बाजूने टोन ऐकायचा, दुसऱ्या बाजूने पल्स (प्रवाहातले खंड) द्यायचे. कारखान्यातला जुना अंतर्गत संच असो, संग्रहालयातली चालू मांडणी असो किंवा हौसेने जपलेला रॅक असो, उपाय आजही तोच आहे.

टोन ओळखणं हा यातला सोपा भाग. अठरा पायांची एक चिप ते काम करते. कस लागतो तो ओळखलेला आकडा जुन्या यंत्राला त्याच्या चालीने देताना. फसलेले कन्व्हर्टर बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात फसलेले असतात, म्हणून या लेखात मिलिसेकंदांची चर्चा जास्त आहे.

संच नेमकं काय मोजतो

रिसीव्हर उचलला की लूप (संचापासून फोनपर्यंत आणि परत जाणारी तारांची फेरी) पूर्ण होतो आणि ४८ ते ५० व्होल्टच्या बॅटरीतून प्रवाह वाहू लागतो. सिलेक्टरमधला ए रिले (प्रवाहाने चालणारा स्विच) या प्रवाहावर ओढला जातो. चकती फिरवून सोडली की परत येताना ती लूप तोडते, जोडते, तोडते, जोडते. सेकंदाला १० पल्स. आपल्याकडच्या आणि ब्रिटिश घडणीच्या संचांत प्रत्येक पल्सच्या १०० मिलिसेकंदांपैकी साधारण ६६ तुटलेले आणि ३३ जुळलेले असतात. अमेरिकी घडणीत हेच प्रमाण ६० आणि ४० च्या आसपास असतं.

प्रत्येक खंडाला ए रिले सुटतो आणि उभं चुंबक सिलेक्टरची दांडी एक पायरी वर उचलतं. बी रिले सावकाश सुटणारा असतो, त्यामुळे ६६ मिलिसेकंदांच्या खंडात तो टिकून राहतो आणि कॉल तुटत नाही. सी रिलेही सावकाश सुटणारा. पल्स येत असेपर्यंत तो ओढलेला राहतो. तो सुटला की सिलेक्टरच्या दृष्टीने आकडा संपला. मग ग्रुप सिलेक्टर त्या पातळीवर आडवा फिरून मोकळी वाट शोधतो. फायनल सिलेक्टर मात्र पुढच्या आकड्याची वाट पाहतो आणि तेवढीच घरं आडवा सरकतो.

टोन फोन प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम पाठवतो. आडव्या ओळींचे सूर ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या रांगांचे १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. (चौथी रांग १६३३ ची, पण ती घरगुती फोनवर नसते.) ५ दाबला की ७७० आणि १३३६. लूपच्या स्थिर प्रवाहावर हे सूर म्हणजे बारीकसा तरंग. लूप कुठेच तुटत नाही, म्हणून ए रिलेला त्याचा पत्ताही लागत नाही.

संच बाहेरच्या देशातून आलेला असेल तर आकडा आणि पल्स यांचं नातं तपासून घ्या. आपल्याकडे १ ला १ पल्स आणि ० ला १०. न्यूझीलंडमध्ये क्रम उलटा होता, म्हणजे १ ला ९ पल्स. स्वीडनमध्ये ० ला १ पल्स आणि १ ला २.

आधी फोन उलटा करून पाहा

कितीतरी बटणांच्या फोनना खाली किंवा कडेला एक छोटं बटण असतं, त्यावर पी (पल्स) आणि टी (टोन) लिहिलेलं असतं. ते पी वर सरकवलं की बटण दाबल्यावर फोन स्वतःच पल्स देतो. चारपाचच फोन जोडायचे असतील तर पुढचं काही करू नका. फक्त एक तपासा. आत बसवलेली चिप दोन आकड्यांमध्ये किती थांबते ते फोनगणिक वेगळं असतं. लहान संचाला बहुतेक कोणताही फोन चालतो, पण ग्रुप सिलेक्टर असलेल्या मोठ्या संचावर कमी थांबणारा फोन चुकीचे नंबर लावतो.

क्रॉसबार असेल तर

पेंटाकॉन्टासारख्या क्रॉसबार संचाची गोष्ट निराळी आहे. तिथे आकडे आधी रजिस्टरमध्ये साठतात आणि मग मार्कर (वाट निवडणारा भाग) वाट जोडतो. बंगळुरूच्या आयटीआयने बनवलेले हे संच आपल्याकडे अनेक शहरांत होते. रजिस्टर आकडा साठवतोच, त्यामुळे पल्स परत तयार करण्याची गरज पडत नाही. प्रत्येक रजिस्टरला टोन ओळखणारा रिसीव्हर जोडायचा आणि त्याचं उत्तर रजिस्टरच्या साठवणुकीच्या रिलेंना त्यांच्याच संकेतात द्यायचं. संकेत संचागणिक बदलतो, म्हणून त्या रजिस्टरचा नकाशा हातात नसेल तर तिथल्या तारांना हात लावू नका. इथून पुढचं सगळं स्ट्रोजरसाठी आहे.

कन्व्हर्टर कुठे बसवायचा

दोन जागा आहेत. एक प्रत्येक ग्राहकाच्या लाइनवर, दुसरी पहिल्या सिलेक्टरच्या तोंडाशी, म्हणजे लाइनफाइंडर किंवा युनिसिलेक्टरने (फोन उचलल्यावर लाइन पहिल्या सिलेक्टरशी जोडणाऱ्या स्विचने) वाट जोडून दिल्यावर.

लाइनवर बसवला तर ५० लाइनींना ५० कन्व्हर्टर लागतात. शिवाय येणाऱ्या कॉलची रिंग त्यांच्यातून जाते. ७५ व्होल्टच्या रिंगचं शिखर १०६ व्होल्ट, त्यावर बॅटरीचे ५०, म्हणजे सुमारे १५६ व्होल्ट प्रत्येक भागाने सोसायचे. सिलेक्टरच्या तोंडाशी बसवला तर जितके दुवे (एका वेळी एक कॉल नेणाऱ्या वाटा) तितकेच कन्व्हर्टर. समजा ५० लाइनींच्या संचात एकाच वेळी ७ कॉल होऊ शकतात, तर ७ पुरे. तिथे रिंगही येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे, दुव्यावरच बसवा. अमेरिकेतल्या स्ट्रोजर एक्स्चेंजांतही कन्व्हर्टर लाइनफाइंडर आणि पहिल्या सिलेक्टरच्या मध्येच बसवले गेले.

तिथे तीन तारा सापडतील: ए (अर्थकडची), बी (ऋण बॅटरीकडची) आणि पी. कन्व्हर्टर फक्त ए आणि बी मध्ये बसतो. पी तार सरळ जाऊ द्या. तिच्यावरचा अर्थ वाट धरून ठेवतो आणि दुसऱ्या कॉलला आत येऊ देत नाही. ती चुकून तुटली तर एकाच दुव्यावर दोन कॉल चढतात.

रचना: आधी सरळ, मग फोड

सर्वात सोपी रचना अशी सुचते की टोन रिसीव्हर तारांवर आडवा टाकावा आणि एका तारेत पल्स देणारा रिले घालावा. हे करू नका. पल्स देताना फोनचाही प्रवाह तुटतो, आणि त्याच वेळी माणूस पुढचं बटण दाबत असेल तर फोनला टोन काढायला वीजच मिळत नाही. आकडे गळतात.

योग्य रचनेत दोन रिले असतात. एकाला धर म्हणू, दुसऱ्याला फोड.

फोड हा दोन पोलांचा चेंजओव्हर रिले. सुटलेला असताना ए आणि बी तारा फोनकडून सिलेक्टरकडे सरळ जातात. ओढला की फोन सिलेक्टरपासून वेगळा होतो आणि कन्व्हर्टरच्या स्वतःच्या बॅटरी-पुरवठ्यावर येतो. धर हा रीड रिले सिलेक्टरच्या बाजूला ए आणि बी यांच्यामध्ये ८२० ओहमचा रोध जोडतो. तो ओढलेला असला की सिलेक्टरला लूप पूर्ण दिसतो. तो सोडून पुन्हा ओढला की एक पल्स.

दोन्ही रिले सुटलेले असताना संच मूळ स्थितीत असतो. कन्व्हर्टरची वीज गेली, प्रोग्रॅम अडकला, तरी चकतीचे फोन चालूच राहतात. ही अट सोडू नका.

एका कन्व्हर्टरचं सामान

टोन ओळखायला एमटी८८७० चिप १, तिच्यासोबत ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल १.
चिपच्या इनपुटला १० नॅनोफॅरड, ४०० व्होल्टचे कपॅसिटर २. १०० किलोओहमचे रोध ३, ६० किलोओहमचा १ आणि ३७.५ किलोओहमचा १, सगळे १ टक्का अचूकतेचे. (३७.५ साठी ७५ चे दोन समांतर जोडा.)
वेळ ठरवायला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १, ३०० किलोओहमचा रोध १.
एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर १.
रीड रिले १ (धर), दोन पोलांचा चेंजओव्हर रिले १ (फोड), दोन्ही ५ व्होल्ट कॉइलचे.
८२० ओहम, ३ वॉटचा रोध १. ४७० ओहम, ३ वॉटचे रोध २, एकमेकांशी १ टक्क्याच्या आत जुळणारे.
पीसी८१७ ऑप्टोकपलर १, त्याच्या एलईडीला समांतर १०० ओहम.
३६ ते ७२ व्होल्ट इनपुट आणि ५ व्होल्ट आउटपुटचा, आतून विलग असलेला डीसी कन्व्हर्टर १, ३ वॉटचा.
गाळणीसाठी १०० ओहम, २ वॉटचा रोध आणि ४७० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर.
धरच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी शमवायला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, एका मागे एक.
अर्ध्या अँपिअरचा फ्यूज.

५ व्होल्टचा पुरवठा विलग असलेलाच घ्या. टेलिफोन बॅटरीचं धन टोक अर्थला असतं आणि ऋण टोक उणे ५० वर. साधा रेग्युलेटर लावून तिथे ‘ग्राउंड’ कुठे, या गोंधळात चिपा जळतात.

८२० ओहम कुठून आला? सिलेक्टरच्या ए रिलेत साधारण २०० अधिक २०० ओहम असतात. ४८ भागिले १२२० म्हणजे ३९ मिलिअँपिअर. ए रिले खणखणीत ओढला जातो, आणि रोधात जेमतेम सव्वा वॉट उष्णता होते. एका वॉटचा घातला तर काळा पडतो, म्हणून ३ वॉट. फोनच्या पुरवठ्यातल्या ४७० च्या जोडीचा हिशेबही तसाच. तारा एकमेकांना चिकटल्या तरी प्रवाह ५१ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. फोन आणि लाइन मिळून ६०० ओहम धरले तर ३१ मिलिअँपिअर मिळतात आणि टोन काढायला ते पुरतात.

जोडणी

पहिल्या दिवशी एकच दुवा हाती घ्या. त्याचा फ्यूज काढा, घड्याळ-अंगठी उतरवा. ५० व्होल्टचा झटका किरकोळ असला तरी बॅटरीच्या बसबारवर पाना आडवा पडला तर तो वितळतो, आणि शेजारच्या दुव्यावर रिंगचे व्होल्ट असू शकतात.

सिलेक्टरच्या टॅगवरून ए आणि बी सोडवताना मूळ तार कापू नका. सोल्डर तापवून सोडवा, खूण बांधा आणि नव्या टॅग ब्लॉकवर आणा. असा संच पुन्हा बनणार नाही, त्यामुळे तासाभरात पूर्ववत करता येईल असंच काम करा. सोडवलेल्या तारा फोडच्या मधल्या टोकांना जातील. फोड सुटलेला असतानाची टोकं सिलेक्टरच्या टॅगला, ओढलेला असतानाची टोकं ४७० ओहमच्या पुरवठ्याला. ए तारेला इथेही अर्थच मिळाला पाहिजे. काही जुने टोन फोन उलट ध्रुवतेवर मुके होतात.

टोन चिपचं इनपुट फोनच्या बाजूला, म्हणजे फोडच्या मधल्या टोकांवर. दोन्ही तारांतून १० नॅनोफॅरड आणि त्यामागे १०० किलोओहम, एक पाय १ कडे आणि एक पाय २ कडे. पाय ३ वरून पाय २ ला तिसरा १०० किलोओहम.  पाय १ वरून ३७.५ किलोओहम पाय ४ ला आणि पाय २ वरून ६० किलोओहम पाय ४ ला लावा, यांची अदलाबदल झाली की दोन्ही तारांचा समतोल बिघडतो आणि रॅकची खडखड थेट चिपमध्ये शिरते.

फोन खाली ठेवला हे कळायला ऑप्टोकपलरचा एलईडी ४७० ओहमच्या एका पायात मालिकेने घाला.

रिले बसवताना एक बारीक गोष्ट. कॉइलवर उलटा डायोड लावायची सवय सगळ्यांना असते. डायोडमुळे कॉइलमधला प्रवाह सावकाश मरतो आणि रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो. आपला खंड रिले सुटल्यावर सुरू होतो, म्हणजे ६६ चे ६० किंवा त्याहून कमी होतात आणि जुना ए रिले अडखळतो. डायोडच्या मालिकेत २४ व्होल्टचा झेनर घाला, आणि रिले चालवणारा ट्रान्झिस्टर त्याहून जास्त व्होल्ट सोसणारा घ्या. रीड रिलेत हा उशीर कमी असतो, म्हणूनच धरसाठी रीड सुचवला.

प्रोग्रॅमची चाल

रिसीव्हर उचलला, दुवा मिळाला, डायल टोन वाजतोय. दोन्ही रिले सुटलेले, चिप ऐकतेय. चकतीचा फोन असेल तर तो पल्स देईल आणि कन्व्हर्टरने काहीच करायचं नाही.

टोन आला की चिपच्या पाय १५ वरचा व्होल्टेज चढतो आणि पाय ११ ते १४ वर आकडा येतो. इथे शून्य म्हणजे दहा (१०१०), तेव्हा शून्याला दहा पल्स द्यायला वेगळा हिशेब लागत नाही. स्टार (*) आणि हॅश (#) ११ आणि १२ म्हणून येतात. ते टाकून द्या, नाहीतर सिलेक्टरला अकरावी पायरी चढायला लावाल.

आता लगेच फोड ओढू नका. आधी पाय १५ वरचा व्होल्टेज उतरू द्या, म्हणजे माणसाने बटण सोडलं. बटण दाबलेलं असताना फोडच्या दोनतीन मिलिसेकंदांच्या उडीत फोनचा टोन तुटतो, पुन्हा सुरू होतो, आणि तोच आकडा दोनदा नोंदला जातो.

मग हा क्रम:

धर ओढा.
२० मिलिसेकंद थांबा.
फोड ओढा.
३०० मिलिसेकंद थांबा.
पल्स द्या: ६६ मिलिसेकंद सोडा, ३३ ओढा, आकड्याइतक्या वेळा.
८०० मिलिसेकंद थांबा, मग साठ्यातला पुढचा आकडा.

धर आणि फोड यांचा क्रम उलटला तर मधल्या उडीत सिलेक्टरला एक खंड दिसतो आणि तो त्याला पल्स समजतो. पुढचा आकडा लगेच आला तर त्यात एक पायरी जास्त पडते. उशिरा आला तर सिलेक्टर पहिल्या पातळीवर जाऊन तिथलीच वाट पकडतो. बाहेर पडतानाही हाच नियम उलट्या बाजूने: आधी फोड सोडून फोन सिलेक्टरला जोडायचा, २० मिलिसेकंदांनी धर सोडायचा.

८०० मिलिसेकंदांचा थांबा पाहून घाई करावीशी वाटते, पण त्या वेळात बरंच काही घडतं. सी रिले सुटायला शंभरेक मिलिसेकंद. मग ग्रुप सिलेक्टर आडवा फिरतो, सेकंदाला साधारण ३३ घरं, म्हणजे दहाव्या घरापर्यंत ३०० मिलिसेकंद. मग वाट जोडणारा रिले, आणि पुढच्या सिलेक्टरचे ए आणि बी ओढले जाणं. जुन्या, तेल सुकलेल्या यंत्रात प्रत्येक टप्पा थोडा लांबतो. दोनच आकड्यांचा लहान संच असेल आणि मध्ये ग्रुप सिलेक्टर नसेल तर चाचणी घेऊन ६०० पर्यंत उतरा.

माणूस बटणं दोन सेकंदांत दाबून मोकळा होतो. संचाला लागणारा वेळ पाहा: ४७०२८५ या नंबरात ४, ७, १०, २, ८ आणि ५ मिळून ३६ पल्स, म्हणजे ३.६ सेकंद. पाच थांबे ४ सेकंदांचे. एकूण ७.६ सेकंद. तोवर आकडे साठून राहायला १६ जागांची रांग ठेवा. या काळात कानात शांतता असते आणि लोक फोन बंद समजून खाली ठेवतात. फोनजवळ ‘बटणं दाबल्यावर दहा सेकंद थांबा’ अशी चिठ्ठी चिकटवा.

फोड ओढलेला असताना ३०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ फोनचा लूप तुटला तर माणसाने फोन ठेवला असं समजून धर सोडा, रांग पुसा, फोड सोडा.

कन्व्हर्टरने गप्प कधी व्हायचं

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कॉल लागल्यावरही चिप ऐकतच राहिली तर बोलण्यातला एखादा आवाज तिला टोनसारखा वाटतो आणि संभाषणाच्या मध्येच टकटक पल्स सुरू होतात. म्हणून ठरलेले आकडे संपले की रांग रिकामी करा, सरळ जोडा आणि त्या कॉलपुरती चिप बंद करा. दोन आकडी संचात दोन आकड्यांनंतर. नंबरांची लांबी पहिल्या आकड्यावर ठरत असेल तर तेवढा तक्ता प्रोग्रॅममध्ये घाला. लांबी ठरलेलीच नसेल तर शेवटच्या आकड्यानंतर १० सेकंद काही आलं नाही की बंद.

९ दाबून बाहेरची लाइन मिळत असेल तर ९ चे पल्स दिल्यावर तिथेच थांबा आणि चिप बंद करून सरळ जोडा. पुढचे टोन जसेच्या तसे शहराच्या एक्स्चेंजला जाऊ द्या. आजच्या एक्स्चेंजला टोन कळतो. पल्स कळेलच याची खात्री नाही, आणि इंटरनेटवरून फोन देणाऱ्या अनेक डब्यांना तर पल्स मुळीच कळत नाही. संचातल्या बोलण्याच्या वाटेवरचे २ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हे टोन बिनतक्रार पुढे सोडतात.

चाचणी

सिलेक्टर मध्ये न आणता सुरुवात करा. कन्व्हर्टरच्या सिलेक्टरकडच्या टोकांना ४८ व्होल्टचा पुरवठा ४०० ओहमच्या रोधातून द्या आणि मालिकेत काट्याचा मिलिअँपिअर मीटर घाला. डिजिटल नको, त्याचे आकडे नाचतात. धर ओढून ठेवल्यावर ३९ च्या आसपास काटा स्थिर झाला पाहिजे. आता प्रोग्रॅमला न थांबता पल्स द्यायला लावा. काटा थरथरत एका जागी सरासरी दाखवतो, आणि ती १३ च्या जवळ हवी, म्हणजे लूप एक तृतीयांश वेळ जुळलेला आहे. १२ ते १४ चालेल. १६ दाखवत असेल तर खंड छोटे पडताहेत, रिले उशिरा सुटतोय. १० दाखवत असेल तर रिले उशिरा ओढला जातोय. प्रोग्रॅममधल्या ६६ आणि ३३ मध्ये तेवढी भर-घट करा, बेरीज ९९ ते १०० ठेवा.

मग सिलेक्टर जोडा, झाकण काढा, दिवा धरा. १ पासून ० पर्यंत एकेक आकडा दाबा आणि दांडी किती पायऱ्या चढते ते डोळ्यांनी मोजा. प्रत्येक आकडा दहा वेळा. शून्याला दहा टक ऐकू यायला हवेत, ना नऊ, ना अकरा. त्यानंतर सर्वात लांबच्या लाइनवरून, आणि मग बॅटरी ४६ व्होल्टवर उतरलेली असताना हेच पुन्हा करा.

काय बिघडतं आणि का

पहिला आकडा हरवतो. लाइनफाइंडर जागेवर येईपर्यंत चिप लाइनला जोडलेलीच नसते, त्याआधीचा टोन वाया जातो. डायल टोन ऐकूनच बटण दाबायचं. आपोआप नंबर लावणाऱ्या फोनमध्ये सुरुवातीला थांबा भरा.

डायल टोन चालू असताना आकडा ओळखला जात नाही, नंतर मात्र जातो. जुन्या टोन मशीनचा डायल टोन शुद्ध नसतो, त्याच्या पटीतले सूर चिपच्या पट्ट्यात शिरतात. चिपमधली गाळणी ३५० आणि ४४० हर्ट्झसाठी आहे, वरचे सूर तिला अडवता येत नाहीत. डायल टोनची पातळी संचातच कमी करा. पहिला आकडा ओळखला गेला की पुढे अडचण नाही, कारण फोड ओढल्यावर डायल टोन चिपपर्यंत येतच नाही.

बटण न दाबताच आकडा नोंदला जातो. ३०० किलोओहमच्या जागी ४७० घाला. टोन खरा मानण्याआधीचा काळ सुमारे ३० वरून ४० मिलिसेकंदांवर जातो. त्याहून पुढे नको, नाहीतर झटपट दाबलेली बटणं सुटतील.

कधी ओळखतं, कधी नाही, कोणताही फोन लावा. क्रिस्टल तपासा. ३.५७९५४५ च्या जागी ३.६८६४ मेगाहर्ट्झचा लागला असेल तर सगळे सूर ३ टक्के सरकतात. चिप दीड टक्क्यापर्यंत नक्की स्वीकारते, साडेतीनच्या पुढे नक्की नाकारते, मधल्या पट्ट्यात तिचा भरवसा नाही.

एकाच ओळीतले किंवा एकाच रांगेतले आकडे चालत नाहीत. फोनचा कीपॅड झिजला आहे, कन्व्हर्टरकडे पाहू नका.

लहान आकडे बरोबर, ८, ९, ० चुकतात. चकतीचा चांगला फोन लावून तेच आकडे फिरवा. तेही चुकले तर दोष ए रिलेच्या समायोजनात, सुकलेल्या तेलात किंवा उतरलेल्या बॅटरीत आहे. चकतीने बरोबर आणि टोनने चूक असेल तरच प्रोग्रॅम उघडा.

समोरच्याने उचलल्यावर फोनची बटणं मुकी होतात. काही संच उत्तर आलं की लाइनची ध्रुवता उलटवतात. फोनच्या आत, लाइनच्या तोंडाशी ब्रिज रेक्टिफायर घातला की प्रश्न मिटतो.

लाइन उघड्यावरून जात असेल तर वळवाच्या पावसाआधी मुख्य फ्रेमवर प्रत्येक तारेला २३० व्होल्टचा गॅस अरेस्टर बसवा. एमटी८८७० आकाशातली वीज सोसत नाही.

एक दुवा आठवडाभर नीट चालला की बाकीच्यांचं काम सुरू करा, पण शेवटचा एक दुवा कन्व्हर्टरविना ठेवा आणि टॅग ब्लॉकवर तसं लिहा. पुढे कधी चुकीचे नंबर लागायला लागले की चकतीचा फोन त्या दुव्यावर लावून पाहता येतो, आणि दोष जुन्या यंत्राचा की नव्या पेटीचा हे पाच मिनिटांत कळतं.